स्वच्छ गाळणं

“मुंगी निघाली का, महाराज?”

“नाही.”

“मग केस?”

“नाही.”

“मग आमच्या चुलीपर्यंत येऊन आपण माघारी का फिरलात?” नेमगोंडा मगदूम म्हणाला. आवाज विनंतीचा ठेवायचा त्याचा बेत होता. तो फिर्यादीचा निघाला.

गावच्या जैन बस्तीत, दगडी खांबाजवळ, महाराज चटईवर बसले होते. अंगावर वस्त्र नाही. शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. संसार एवढाच.

दिगंबर मुनी दिवसातून एकदाच अन्नपाणी घेतात, तेही उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत. आहाराला निघताना उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवतात. ती बोटं खाली आली, की त्या दिवसाचं सगळं संपलं. काल चतुर्दशीचा उपास झाला होता. आज महाराज नेमगोंडाच्या घरात शिरले, क्षणभर उभे राहिले, आणि त्यांनी बोटं सोडली. म्हणजे आता उद्यापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

वैशाख होता. महाराजांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. वयही झालं होतं.

नेमगोंडाला महाराजांची काळजी होती, हे खोटं नव्हे. पण तिच्या पुढे उभी राहिलेली दुसरीही एक काळजी होती. ज्या घराची चूल तालुक्यात सगळ्यात शुद्ध, असं नेमगोंडा स्वतःच सगळ्यांना सांगत असे, त्या घरातून मुनी उपाशी गेलेले गावाने डोळ्यांनी पाहिले होते. दुपारपर्यंत त्यावर बरीच मतं तयार झाली होती. एकही मगदुमांच्या बाजूचं नव्हतं.

आणि शुद्धीत तर त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. पीठ घरच्या जात्यावरचं. स्वयंपाक ओलेत्याने. कुत्रं आधीच पाव्हण्यांच्या मळ्यात धाडलेलं. धाकटा भाऊ शिंकतो फार, म्हणून त्याला चुलीच्या खोलीची बंदी.

पाणी तर स्वतःच्या विहिरीचं, स्वतः ओढलेलं, दुहेरी फडक्यातून गाळून उकळलेलं. गाळताना फडक्यात जे बारीक जीव अडकतात, ती जिवाणी. ती फेकायची नाही. पाण्याला टेकल्यावरच कलंडणाऱ्या बादलीतून, त्याच विहिरीत हळूच परत सोडायची, म्हणजे एकही जीव दगावत नाही. मगदुमांच्या घरात ही रीत कधी चुकली नव्हती.

“आहार देताना काय म्हणायचं असतं, नेमगोंडा?” महाराजांनी विचारलं.

“मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध. अन्न शुद्ध, पाणी शुद्ध.”

“देणाऱ्या प्रत्येकाने?”

“प्रत्येकानं.”

“तुझी बायको कुठपर्यंत म्हणाली?”

नेमगोंडाने मागे वळून पाहिलं. इंदुमती दाराशी, भिंतीला टेकून बसली होती. चालत आल्याचा दम अजून जिरला नव्हता. पायांवर सूज होती.

“अन्नापर्यंत,” तो म्हणाला. “विसरली, महाराज. दुखण्यानं डोकं ठिकाणावर नसतं तिचं. म्हणून तर तिच्या वाटणीचं मीच मोठ्यानं म्हणून टाकलं.”

“ऐकलं मी.”

“इसरले न्हवते,” इंदुमती म्हणाली. “जीभच उचलंना.”

“तू गप बस की जरा.”

“गपच तर हाय मी. कवाधरनं.”

…

नेमगोंडाने काखेतली पिशवी पुढे घेतली. तो पुराव्यानिशी आला होता. आतून त्याने घडी केलेलं पांढरं फडकं काढलं आणि महाराजांसमोर, फरशीवर, कडा ओढून पसरलं.

“हे बघा. सकाळचंच गाळणं. झटकलेलं नाही, पिळलेलं नाही. किडा नाही, अळी नाही, मळाचा ठिपका नाही. असं पाणी जिल्ह्यात दाखवा मला.”

महाराज वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

कशालाही हात लावण्याआधी मुनी तिथून पिंछी फिरवतात. एखादा जीव असेल तर तो मोरपिसाने हलकेच बाजूला व्हावा, बोटाखाली चिरडू नये, म्हणून. महाराजांनी पिंछी उचलली. फडक्यावर नेली.

… आणि न फिरवताच खाली ठेवली.



“जिवाणी सोडलीस?”

“सोडली की. पहाटंच.”

“काय सोडलंस?”

नेमगोंडाने फडक्याची कड बोटांनी सारखी केली.

“फडक्यात उरलेलं घोटभर पाणी,” तो म्हणाला. “रीत हाय, महाराज. चुकवून कसं चालंल?”

“तुझ्या लहानपणी काय निघायचं?”

“तवा?” त्याच्या चेहऱ्यावर जरा ऊन पडलं. “तवा कायबी निघायचं. तांबड्या अळ्या. पाण्यातले भुंगे. एकदा तर जितं झिंगं आलं. आई अशी वरडली, की आण्णा मळ्यातनं पळत आले, साप निघाला म्हणून…”

मागे इंदुमती हसली. तोही हसणार होता.

“आता नाही निघत काही,” तो म्हणाला. “आता पाणी सुधारलंय.”

महाराज फडक्याकडेच पाहत होते.

“उसाला तणनाशक मारतोस?”

“सगळंच मारतात.”

“फवारणीचा पंप कुठे धुतोस?”

“हिरीच्या काठावर. पाणी तिथंच असतंय की.”

“घरात कोणतं पाणी पिता?”

बस्तीच्या कळसावर कबुतरं घुमत होती. ती एकदम फार मोठ्याने घुमायला लागली, असं नेमगोंडाला वाटलं.

“जारचं,” उत्तर इंदुमतीने दिलं. “माझ्या किडन्या दुखावल्यात, महाराज. डॉक्टरांनी हिरीचं पाणी तोडलंय.”

“तुझं एकटीचं?”

“समद्यांचंच. जनावरंबी आता नळाच्या टाकीवर नेतात.”

“आणि मला?”

“आपल्याला जारचं कसं चालंल?” नेमगोंडा मनापासून दुखावला. “प्लास्टिकात साठवलेलं, कुणी भरलेलं, कुणाचं हात लागलेलं. आपल्याला हिरीचंच लागतं. शास्त्रच हाय तसं. आमचं काय, आम्ही कसलंही…”

तो थांबला. स्वतःचं वाक्य त्याच्या कानापर्यंत आत्ता पोचलं होतं.

नेमगोंडाने फडक्याची घडी घालायला घेतली. एका कडेला दुसरी जुळेना. त्याने ते तसंच गुंडाळलं, आणि हातात धरून बसला. इतकं स्वच्छ कापड कुठे ठेवावं, ते त्याला सुचेना.

महाराज उठले. उठताना त्यांचा तोल गेला. एक हात खांबाला लागला, आणि खांब धरून ते तसेच उभे राहिले. डोळे मिटलेले. पोट पाठीला लागलेलं.

गाव, चूल, लोकांची मतं, सगळं नेमगोंडाच्या डोक्यातून गेलं.

“महाराज! पाव्हण्यांच्या हिरीचं आणतो. डोंगराकडंची हाय, वर शेत नाही. आत्ता घेऊन येतो. दोन घोट घ्या.”

“आजचा आहार झाला.”

“झाला कुठं? कालबी नाही, आजबी नाही. या उन्हात उद्यापतोर निघायचं नाही ओ. माझं पाप म्हणा, काय पण म्हणा… पण घ्या. जीव जाईल आपला!”

महाराजांनी डोळे उघडले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“गेला, तर मी घेतलेल्या व्रताने जाईल. तुझ्या विहिरीतल्यांनी कोणतं व्रत घेतलं होतं, नेमगोंडा?”