भुंडे हात

नदीपलीकडच्या राजाची खोड मोडायची म्हणून अलीकडच्या राजाने तिकडून येणाऱ्या बांगड्यांवर जबर जकात बसवली. "जकात भरेल तो पलीकडचाच," राजा म्हणाला, आणि दरबाराने माना डोलावल्या.

पलीकडच्यानेही चिडून इकडच्या हळदीवर जकात लावली. हळद वखारीत किडली. बांगड्या इतक्या महागल्या की येसू कासारणीला दारात कुणी बोलावेना.

वर्षाने राजकन्येचं लग्न निघालं. चुडा भरायला येसू आली, तशी तिची मनगटं बघून राजा कडाडला, "नवरा जिवंत असताना भुंड्या हातांनी मंगलकार्याला आलीस?"

येसू खाली मान घालून म्हणाली, "महाराज, जकात पलीकडचा राजा भरतो ना? मग हात त्याचे भुंडे व्हायचे. मांडवातल्या सवाशिणींचे कसे झाले?"

राजाने मांडवाकडे पाहिलं. बायकांनी हात पदराखाली घेतले.

त्याच दिवशी जकात उठली. येसू टोपली घेऊन पलीकडे गेली. तिथल्या भट्ट्या विझल्या होत्या, कारागीर पोटामागे कधीच परागंदा झाले होते.

परतताना नाक्यावर तिला कुणी अडवलं नाही. अडवण्यासारखं टोपलीत काही नव्हतंच.