नाव घेणारा आणि करणारा

एका राज्यात नाव घेणे राजाकडे होते आणि करणे इतरांकडे. राजा चंद्रकेतू नुसते "पाणी" म्हणे, की चार जण घागरी घेऊन धावत. यालाच प्रजा कर्तबगारी समजे. प्रजेला समजायला काय लागते?

एकदा सातासमुद्रांपलीकडचा इंग्रज जादूगार रत्नांची पेटी घेऊन बंदरात उतरला. राजा म्हणाला, "पेटी." राजपुत्र मेघवर्णाने ती हिसकावून आणली. जादूगाराने शाप दिला आणि पेटी उचलणारा मेघवर्ण जागीच पाषाण झाला. पेटीला तीन कुलुपे लागली, प्रत्येकावर जादूगाराच्या भाषेतला एक शब्द. शब्द दोन तऱ्हांनी म्हणावा, दुसऱ्यांदा म्हटले ते करावे, तर शाप सुटेल.

पंडितांचे घसे बसले, पेटी ढिम्म. आपल्याकडे सगळी अक्षरे एका पंगतीला बसतात; त्यांना तरी दुसरे काय ठाऊक?

मग जादूगाराच्या गलबतावरची साळुंकी राणी कुमुद्वतीपाशी आली. तिने तिन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. म्हणाली, "राणीसाहेब, वस्तूचे नाव घेताना जोर आरंभी द्यावा. तेच करायचे तर जोर शेवटी."

राणी म्हणाली, "प्रेझेंट." म्हणजे भेट. मग म्हणाली, "प्रिझेंट." म्हणजे देणे. तिने माहेरचा हार साळुंकीला देऊन टाकला. पहिले कुलूप गळाले.

"ऑब्जेक्ट." म्हणजे वस्तू.

"पुरे," राजा म्हणाला. सारा दरबार थांबला.

"अब्जेक्ट," राणी म्हणाली. म्हणजे हरकत घेणे. राजाच्या शब्दावर त्या दरबारात कोणी प्रथमच हरकत घेतली होती. दुसरे कुलूप गळाले.

"कॉन्व्हिक्ट." म्हणजे अपराधी. पुढचे म्हणायला राणीची जीभ रेटेना, कारण आता अपराधी ठरवायचा होता.

राजा म्हणाला, "पेटी आम्ही उचलली नाही. आम्ही केवळ नाव घेतले."

"होय महाराज. तेवढेच केलेत." राणीने पतीकडे बोट दाखवले. "कन्व्हिक्ट."

मेघवर्णाने श्वास घेतला. सिंहासनावर राजाचा पाषाण झाला.

मेघवर्णाने पेटी स्वतःच्या खांद्यावरून बंदरात परत नेली. तेव्हापासून त्या राज्यात हुकूम देणाराच आधी हात लावतो, आणि राज्य सुरळीत चालले आहे. राणीला मात्र पुन्हा कोणी हसताना पाहिले नाही.

पाषाणापुढे उभा राहून मुलाने एकदा विचारले, "आईसाहेब, मी दगड होतो तेव्हा बाबा काय करीत होते?"

राणी म्हणाली, "तुझे नाव घेत होते."