नकाशात नसलेलं पाणी

अमावास्या, सकाळचे अकरा. वेळशेतच्या खाडीकाठचं मोकळं मैदान. कोळीवाड्याचा वादळ-निवारा इथंच बांधायचा, असा आराखडा घेऊन उपअभियंता खर्शीकर आले होते.

"इथं भरतीचं पाणी चढतं, सायेब," कोळीवाड्यातली भिवराबाय तांडेल म्हणाली. "वादळात लेकरंबाळं इथं आणून बुडवायची का? शाळेच्या टेकडीवर बांधा."

"बाई, नकाशा शास्त्रीय आहे. इथं पाणी येत नाही."

"मग आमचंच चुकलं. खुर्चीवर बसा, सगळा आराखडा वाचून दाखवा."

साहेब खुलले आणि चाळीस पानं वाचायला बसले. अमावास्येची भरती बाराच्या सुमाराला भरते, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. साहेबांच्या नकाशात ते नव्हतं. पावणेबाराला बूट भिजले, तसे साहेब उठू लागले.

"बसा, सायेब," भिवराबाय म्हणाली, "नकाशात पाणी नाय."

अख्खा कोळीवाडा हसला. खुर्चीवर उभं राहूनच साहेबांनी निवारा टेकडीवर हलवण्याचा शेरा लिहिला.

नकाशावर पाहणीची तारीख आणि वेळ छापली आहे. पंचांगात पाहिलं, तर ती अष्टमीची, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं त्या दिवसाची, ऐन ओहोटी निघते. ती वेळ कोणी निवडली, हे कचेरीनं अजून सांगितलेलं नाही.