न उघडलेलं दरपत्रक

मिरजेच्या निवृत्तांच्या संगणक मंडळात विमलताई सभासदांसाठी फुकटातली सॉफ्टवेअर आणि इंटरनेट सेवा हुडकून यादी करायच्या. एकदा पारसनीस नावाचे सॉफ्टवेअर विक्रेते कोट घालून आले आणि यादी पाहून हसले.

"फुकटचं ते टाकाऊच! फुकटच्या मेलवरून आलेलं पत्र मी तर उघडतसुद्धा नाही. आमचं दरपत्रक काल मेल केलंय, ते बघा."

मंडळाच्या अध्यक्षांनी मान डोलावून यादी केराच्या टोपलीत टाकली. विमलताई संगणकापुढे बसल्या. दरपत्रकाच्या मेलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून त्यांनी माऊसवरचा हात काढला.

"साहेब, माझ्या यादीत पहिल्या नंबरावर जी फुकटची सेवा होती, तिच्यावरूनच तुमचा मेल आलाय. आता तुम्हीच सांगा, उघडू का?"