महाराजांची चोरीला गेलेली रात्र

"माझी रात्र चोरीला गेली! संध्याकाळपर्यंत ती परत आणा, नाहीतर वैमानिकाला अंधारकोठडीत टाका!"

दणकेगडचे रणसिंगराजे विमानातून उतरताच गरजले. वैमानिक येसाजी विमानाच्या चाकामागे लपला.

झालं होतं असं. महाराजांची सासुरवाडी पार पश्चिमेला, समुद्रापलीकडे. जाताना ते सकाळी नऊला निघाले आणि तिथे उतरले, तर तिथल्या घड्याळातही नऊच! "वा! जायला वेळच लागला नाही!" महाराज खूश. परतताना मात्र दुपारी दोनला निघाले, 'रात्रीचं जेवण घरीच करू' म्हणून विमानात उपाशी राहिले, आणि उतरले तर कोंबडे आरवत होते!

प्रधानजी म्हणाले, "महाराज, पृथ्वी गोल असल्यामुळे..."

"गोल असो नाहीतर चौकोनी! माझं रात्रीचं जेवण कुठं गेलं? जातायेता अंतर तेवढंच ना?"

"तेवढंच, महाराज."

"मग वाटेत कुणीतरी तास पळवले!"

दिवसभर शिपायांनी विमानाच्या खुर्च्या उसवल्या, चाकांत काठ्या खुपसल्या. रात्र काही सापडेना. संध्याकाळी दरबारात येसाजीच्या हातांत बेड्या पडणार, एवढ्यात तुळजा पुढे आली. मुळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी विमानात जेवण वाढायची. हातात रिकामं ताट होतं.

"महाराज, तास पळवणारा सापडला!"

"कोण तो?"

"आपणच!"

महाराज ताडकन उठले.

"जीभ सांभाळ, पोरी!"

"जाताना वेळच लागला नाही म्हणता. मग विमानात आपण पोटभर जेवलात, घोरलात, उठून तीनदा चहा मागितलात, ते कधी?"

महाराज गोंधळले. "ते... वाटेत."

"घरून न्याहारी करून निघालात. तिथे उतरलात, तर सासूबाई पुन्हा न्याहारी घेऊन उभ्या! नको म्हणालात?"

"जावयानं नको कसं म्हणायचं? थालीपीठ होतं, वर लोणी!"

"म्हणजे तिकडचे तास आपण फुकट खाल्लेत. येताना तिकडच्यांनी ते काढून घेतले, एवढंच!"

"ते काही नाही! मला माझी रात्र हवी!"

"आत्ता आणते." तुळजानं ताट महाराजांपुढे ठेवलं. "आधी सासूबाईंची थालीपिठं यात परत द्या. लोण्यासकट!"

महाराजांनी ताटाकडे पाहिलं. मग आपल्या पोटाकडे. आणि असे खदखदून हसले, की मुकुट घरंगळत प्रधानजींच्या पायाशी गेला.

"पचली गं पोरी, केव्हाच पचली! सोडा त्या येसाजीला! आणि तू, हवं ते माग!"

"मला एकदा विमानात नुसतं बसायचंय, महाराज. वाढायला दुसरं कुणीतरी हवं."

"मंजूर! कुणी वाढायचं?"

तुळजानं रिकामं ताट उचलून महाराजांच्याच हातात दिलं.