बेचाळिसावा कागद

बेचाळीस कागदांपैकी एक्केचाळीस कागदांवर राजा शहाणा होता. बेचाळिसाव्या कागदावर मात्र 'सांगता येत नाही' असं लिहिलं होतं, आणि तो कागद केवळा कासारणीचा होता.

मोतीपेठेच्या दुर्गभान राजानं व्यापारशाळा काढली होती. शिकून बाहेर पडेल त्याला मधल्या पेठेत पक्कं दुकान मिळणार होतं. प्रवेशाची परीक्षा जगावेगळी होती. एक उतारा द्यायचा आणि खाली एक विधान. ते विधान खरं, खोटं, की उताऱ्यावरून सांगता येत नाही, एवढंच लिहायचं. नियम एकच: उताऱ्यात आहे तेवढंच धरायचं. पदरचं शहाणपण घालील तो बाद!

लगोलग दामोदरशास्त्र्यांनी आपल्या पडवीत शिकवणी उघडली. सरदारांची, सावकारांची मुलं घोड्यावरून यायची आणि जांभया देत उतारे सोडवायची. आत माजघरात केवळा शास्त्रीणबाईंना बांगड्या भरायची. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, कडेवर आठ महिन्यांची चिमी, असं तिचं दारोदार चालायचं. उन्हानं पोरीचं डोकं तापलं की केवळा तिच्यावर पदर धरायची. दुकान असतं तर निदान सावलीत पाळणा तरी टांगता आला असता. म्हणून ती एक हात बांगडीवर आणि दोन्ही कान पडवीवर ठेवून बसायची. शास्त्रीणबाईंच्या एका डझनाला तिनं तीन दिवस लावले.

सराव मात्र तिनं घरीच केला. तिथं उतारे फुकट होते. सासूबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, दिवसभर बोलतच असायच्या.

"सगळ्या सुना आळशी," आत्याबाई म्हणायच्या. "आणि तू कोण? सून."

केवळा भाकरी थापता थापता विचार करायची. दोन्ही विधानं मान्य केली तर निष्कर्ष अगदी अचूक निघत होता, हीच पंचाईत! एकदा आत्याबाई म्हणाल्या, पोर रडते म्हणजे आईचं लक्ष नाही. त्यावर तिनं मनातल्या मनात 'सांगता येत नाही' असं ठोकून दिलं, आणि मग आपलं खरंच लक्ष नाही की काय, हे दिवसभर स्वतःलाच विचारत राहिली.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या दारात शिपायानं तिला अडवलं. बायका परीक्षेला बसत नसतात, असं त्याचं म्हणणं. दवंडीत तसं होतं का, असं केवळानं विचारलं. दवंडीत तसं काहीच नव्हतं, कारण बाई येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शिपायानं डोकं खाजवलं आणि वाट सोडली. चिमीला आत्याबाईंच्या हवाली करून केवळा आत जाऊन बसली.

शेवटचा उतारा खुद्द राजानं लिहिला होता. 'मोतीपेठेच्या राजाच्या गळ्यात नऊ माळा आहेत. त्याच्या पदरी साठ हत्ती आहेत. तो रोज सकाळी दरबारात बसतो.' खाली विधान होतं: 'राजा शहाणा आहे.' नियम आपल्या जागी, पण महाराजांचं नाव दिसलं की डोळे मिटून 'खरं' लिहा, असं शास्त्र्यांनी शिष्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. केवळाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं नियम पाळला.

आता ती दरबारात उभी होती. सरदारांची मुलं तोंडावर शेला धरून हसत होती. दाराशी आत्याबाई चिमीला घेऊन उभ्या होत्या आणि, सून मेली हातची गेली, असं शेजारच्या बाईला समजावत होत्या.

"एक्केचाळीस जणांना माझा शहाणपणा दिसला," राजा म्हणाला. "तुझेच डोळे फुटलेत का?"

"त्यांना तो नऊ माळांत दिसला असेल, महाराज. मी माळा मोजल्या, हत्ती मोजले. शहाणपणा काही सापडला नाही. उताऱ्यात, म्हणतेय मी."

शास्त्र्यांनी हळूच खांबाचा आडोसा घेतला.

"असं?" राजा पुढं झुकला. "मग एक ओळ वाढव. उताऱ्याबाहेर जायचं नाही, आणि उत्तर 'खरं' यायला हवं. पण स्तुती लिहायची नाही. भाट माझ्याकडे ढीगभर आहेत. जमलं नाही, तर या गावात पुन्हा कुणाच्या हातात बांगडी भरायची नाहीस."

आपण गप्प 'खरं' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही केवळाला एकदा वाटून गेलं. तेवढ्यात दाराशी चिमी रडायला लागली. केवळानं टाक उचलला, एक ओळ लिहिली आणि कागद चिटणिसाकडे दिला. चिटणिसानं ते आधी मनात वाचलं आणि मग मोठ्यानं:

'एका कासारणीनं तोंडावर सांगता येत नाही म्हटलं, तेव्हा राजानं स्वतःचाच नियम पाळला आणि तिला शाळेत घेतलं.'

राजा ताडकन उठला. "हे तर अजून घडलेलंच नाही!"

"म्हणून तर अजून सांगता येत नाही, महाराज."

मग राजा हसला. इतका हसला की गळ्यातल्या नऊच्या नऊ माळा एकमेकींत अडकल्या आणि त्या सोडवायला दोन हुजरे धावले.

त्यानं तिथल्या तिथं केवळाचं नाव शाळेच्या वहीत घालायला लावलं. दुकानासाठी शाळा संपायची वाट कशाला पाहायची, म्हणून मधल्या पेठेतल्या सावलीच्या दुकानाची किल्लीही दिली, आणि सुतार पाठवून आढ्याला पाळण्याची कडी ठोकायचा हुकूम सोडला. एक्केचाळीस जणांना नव्यानं उतारे सोडवायला धाडलं, शास्त्रीबुवांसकट.

मग त्यानं टाक मागितला. "आण तो कागद. आता 'खरं' लिहितो."

केवळानं कागदावर हात ठेवला.

"आधी वहीवर शिक्का, महाराज."