बाळंतिणीचे लाडू आणि भारी पेट्रोल

जिवती सगळ्यांच्या लेकरांना सुखी ठेवो! श्रावणातला शुक्रवार होता. दिवेलागणीला नातवाला जिवतीपुढे ओवाळायचं, म्हणून कुमुदिनीबाई मुलाबरोबर सून-नातवाला न्यायला आल्या. पण व्याही भास्करराव दारातच आडवे!

"छोट्या गाडीत साधं पेट्रोल? वाटेत इंजिन बसेल! ते भारी, जास्त ऑक्टेनचं भरून आणा, तरच लेक पाठवीन."

"अहो, कंपनीनंच साधं भरायला सांगितलंय," जावई म्हणाला.

"मला शिकवू नका! भारी ते भारीच."

भारी पेट्रोलचा पंप लांब शहरात, आणि ऊन तर कलायला लागलेलं! सुनेचे डोळे भरून आले. कुमुदिनीबाईंनी हसत तिच्यासाठी आणलेला डबा उघडला आणि व्याह्यांपुढे धरला.

"घ्या, डिंक, खारीक, साजूक तूप! बाळंतिणीचे लाडू आहेत. आता रोज खायचे हं!"

"मी काय बाळंतीण आहे?" भास्करराव उसळले.

"मग आमची गाडी तरी कुठे शर्यतीची आहे, व्याहीबुवा? ज्या इंजिनाला लागतं, त्याला भारी जरूर घालावं. आमच्या गाडीला ते काय अंगी लागणार?"

सून फिसकन हसली, मग भास्कररावही. त्यांनी स्वतः बाळाला गाडीपर्यंत नेलं आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, एक लाडू मात्र राहू द्या!"

दिवेलागणीला जिवतीपुढे बाळाचं औक्षण झालं.